अर्धी रेघ

"तुला काय, तू चादर आहेस. तुला नाक नाही. ज्याला नाक आहे त्यानं कुठं जायचं? काल धूर, आज वाफ, आणि ती घरघर तर परवापासून. म्हणे अजून दोन दिवस. दोन दिवसांत मीच वाळून जाईन या दोरीवर."

वन्सं चादरीशी बोलत होत्या. भिंत जेमतेम छातीएवढी, आणि भिंतीच्या अलीकडे, बंद पडलेल्या पेट्रोलपंपाच्या आवारात, हातभर अंतरावर त्यांची वहिनी उभी होती. दोन वर्षं झाली, वन्सं वहिनीशी बोलत नव्हत्या. त्या चादरीशी बोलत, बादलीशी बोलत, एकदा तर अर्धा तास पायपुसण्याला सुनावत होत्या. पण आवाज असा लावत की जिच्यासाठी बोलणं आहे तिच्यापर्यंत एकही शब्द वाया न जाता पोचावा.

वहिनींना सगळे मापबाई म्हणत. खरं नाव त्यांच्या नवऱ्याला ठाऊक असणार, पण तोही 'अगं' वर भागवायचा.

एकतीस वर्षं त्यांनी या पेट्रोलपंपावर टाक्यांची मापं घेतली होती. जमिनीखाली दोन टाक्या, एक पेट्रोलची, एक डिझेलची. सकाळी सहाला पंप उघडायच्या आधी आणि रात्री नऊला पंप बंद झाल्यावर झाकण उघडायचं, पितळी टोकाची, रेघारेघांची लांब काठी नळीतून आत सोडायची, तळाला लागली की वर ओढायची आणि कुठल्या रेघेपर्यंत ओली झाली ते बघून पाटीवर खडूनं लिहायचं. एवढंच काम. पण ते एकतीस वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं. नवऱ्याचा पाय मोडला त्या सकाळीसुद्धा त्यांनी आधी काठी टाकली आणि मग दवाखाना गाठला. नवऱ्याचं एका खुर्चीचं केशकर्तनालय आहे. गिऱ्हाइकाची दाढी करताना तो ही गोष्ट अजून सांगतो. कौतुक म्हणून सांगतो की तक्रार म्हणून, ते वस्तरा गळ्यावर असल्यामुळे कुणी विचारत नाही.

सहा महिन्यांपूर्वी पंप बंद झाला. जागा विकायची ठरली. पण जमिनीखाली टाक्या ठेवून जागा विकता येत नाही. त्या रिकाम्या करायच्या, आतली वाफ मारायची, बाहेर काढायच्या, खालची माती तपासायची, मग तपासणी कार्यालयाचा कागद, मग पुढचं. टाक्या काढणाऱ्यांचा मुकादम आला तेव्हा त्यानं मालकांकडे एकच गोष्ट मागितली होती. "कुठली नळी कुठं जाते हे ठाऊक असलेलं माणूस द्या मला. नकाशा नको. नकाशात नळ्या सरळ असतात."

म्हणून मापबाई. पिवळं शिरस्त्राण त्यांच्या अंबाड्यावर कलंडून बसे आणि त्या रोज सकाळी सातला, मुकादमाच्याही आधी, आवारात हजर असत.

खरं तर मुकादमानं बोलावलं नसतं तरी त्या आल्या असत्या. गेले सहा महिने त्यांना चैन नव्हतं. पावणेसहाला डोळा उघडायचा आणि हात अंथरुणात काहीतरी चाचपायचा. पिंपात, पातेल्यात, तेलाच्या बरणीत त्या बोट बुडवून बघत. बसल्या की उठत, उठल्या की कुठं निघालो ते विसरत. नवरा म्हणायचा, "माझ्या चहाचंही माप घे. बशीत सांडलेला धरून."

आणि आता हे असं खणलेलं आवार. जिथं गाड्या उभ्या राहायच्या तिथं खड्डा, खड्ड्याभोवती दोरी, दोरीला लाल फडकी, प्लास्टिकच्या कागदावर मातीचे ढीग. मापबाई या ढिगापासून त्या ढिगापर्यंत जात होत्या, कुठं पडलेलं फडकं उचलत होत्या, जागेवर असलेलं अग्निशामक नळकांडं पुन्हा जागेवर ठेवत होत्या.

"बाई, बसा हो जरा," मुकादम म्हणाला. "तुमच्याकडे बघून माझ्या माणसांना चक्कर येतेय."

"मी कुठं काय करतेय?"

"तेच ना. काही न करता एवढं चालता, काही करताना काय होत असेल?"

मुकादम पन्नाशीचा, बुटका, बोलताना एक डोळा बारीक करणारा माणूस होता. त्याच्या हातात सतत एक मीटर असे, जे हवेत पेट्रोलची वाफ असली की चिवचिवाट करी. त्याचे लोक त्या मीटरला 'चिमणी' म्हणत. चिमणी गप्प असली तरच काम सुरू, ओरडली की सगळे मागं. अवजारं पितळेची, म्हणजे ठिणगी पडायला नको. मोबाइल फाटकाजवळच्या पेटीत. टाकीला एक जाड तार जोडून तिचं दुसरं टोक जमिनीत खोल ठोकलेलं. मापबाईंना हे सगळं आवडलं होतं. नेमानं काम करणारी माणसं त्यांना नेहमीच आवडत.

पहिल्याच दिवशी एक गोष्ट घडली होती, आणि ती त्यांच्या मनातून जात नव्हती.

टाक्या उपसायच्या आधी त्यांनी मुकादमाला म्हटलं होतं, "शेवटचं माप मी घेते." तो हसून बाजूला झाला. त्यांनी आपली जुनी काठी आणली, फडक्यानं पुसली, डिझेलच्या नळीत सोडली. शेवटचा हातभर भाग राहिला तेव्हा नेहमीसारखी मूठ सैल केली.

ठक.

मुकादमाचा बारीक केलेला डोळा उघडला. "हळू, बाई! अशी सोडतात होय?"

"मग? ठक ऐकू आलं नाही तर तळ लागला हे कसं कळणार? मध्ये गाळावर टेकली तर माप खोटं येतं. थोरल्या मालकांनी शिकवलंय मला. म्हणायचे, ठक ऐकू आलं की समजायचं, आता काठी खोटं बोलणार नाही."

"रोज अशीच?"

"रोज. दोनदा. गल्लीतले लोक माझ्या ठकवर घड्याळं लावायचे. विचारा कुणालाही."

डॉक्टर एक्स-रे उजेडाला धरून गप्प होतो तसा मुकादम त्यांच्याकडे बघत राहिला, आणि मग आपल्या माणसावर उगाच खेकसला.

काल पेट्रोलची टाकी निघाली. वाफ मारायला आत सुका बर्फ टाकला, पांढरा धूर नळीतून सांडत राहिला, चिमणी तळाला, मध्ये, वर, तिन्ही ठिकाणी गप्प झाली, मग क्रेननं टाकी अलगद उचलून लाकडी ओंडक्यांवर ठेवली. पत्रा ठणठणीत. खालची माती कोरडी. मापबाईंनी टाकीच्या पोटावरून हात फिरवला, शाळेत पहिल्या आलेल्या मुलीच्या पाठीवरून फिरवावा तसा. मुकादमानं झाकणातून आत बॅटरी मारून दाखवली. नळीच्या बरोबर खाली, तळाला, तळहाताएवढी जाड पट्टी जोडलेली होती, आणि पट्टीवर एक चकचकीत खळगा.

"ही टाकी नंतरची आहे ना? हिला पट्टी आहे, म्हणून वाच..." मुकादम म्हणाला आणि थांबला.

"म्हणून काय?"

"काही नाही. असते पट्टी. मजबुतीला."

"आणि डिझेलच्या टाकीला?"

"ती जुनी आहे बाई. बघू."

रात्रभर मापबाईंनी कूस बदलली. नवरा म्हणाला, "पट्टी काय, खळगा काय? झोप की." पण त्यांना काठीचं पितळी टोक आठवत होतं. एकतीस वर्षांत ते चारदा बदललं होतं. झिजायचं. काठीचं टोक झिजत होतं हे त्यांना ठाऊक होतं. ते कशावर झिजतंय, आणि त्याचं काय होतंय, हे कधी मनात आलं नव्हतं.

आता क्रेनसाठी जागा कमी पडत होती. मुकादमाच्या माणसांनी मागची भिंत पाच-सहा फूट पाडली. विटा सरकल्या, धूळ बसली, आणि पलीकडे वन्सं दिसल्या, हातात चिमटे, डोक्याला फडकं, अंगणाच्या मधोमध. त्यांच्यामागे हातपंप होता. हातपंपाचा दांडा तारेनं बांधून ठेवलेला होता.

दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि दोघींनी मान फिरवली.

"छान झालं," वन्सं चिमट्यांना म्हणाल्या. "आता घरातलंही सगळं दिसेल लोकांना."

त्या हातपंपावरूनच बिनसलं होतं. दोन वर्षांपूर्वी वन्सं म्हणाल्या, पाण्याला वास येतोय. आधी घरात म्हणाल्या, मग गल्लीत. दोन-चार शेजारी म्हणाले, असेल, आम्हालाही वाटतं. कुणी म्हणालं, पंपाची टाकी गळत असेल, अर्ज करू. तेव्हा मापबाई चिडल्या होत्या. पंपावर बोट ठेवणं म्हणजे त्यांच्या मापावर बोट ठेवणं. त्या संध्याकाळी त्या वन्संच्या अंगणात गेल्या. आठ-दहा माणसं जमलेली, धाकटे मालकही आलेले. मापबाईंनी स्वतः दांडा हापसला, पेला भरला आणि सगळ्यांसमोर एका दमात संपवला.

"पाणीच तर आहे," त्या म्हणाल्या. "माझं माप चुकत नाही. पाटी बघा. रात्री लिहिलेलं आणि सकाळी लिहिलेलं एकच असतं. गळती असती तर मला नसती कळली?"

माणसं पांगली. अर्ज कुणी केला नाही. वन्संना गल्लीत 'नाकवाल्या' हे नाव पडलं. त्या दिवसापासून त्या हातपंपाला हात लावत नाहीत. गल्लीच्या तोंडाशी नळ आहे, तिथून सकाळी दोन बादल्या, संध्याकाळी दोन. गुडघे दुखतात, म्हणून मध्ये तीनदा टेकतात. मापबाईंच्या नवऱ्यानं, म्हणजे वन्संच्या भावानं, बादली उचलायला हात पुढं केला की म्हणतात, "राहू दे. तुझ्या बायकोच्या मते घरात पाणी आहे माझ्या."

आणि मापबाई? त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी दोनदा चूळ भरली होती. नवऱ्यानं विचारलं, काय झालं? म्हणाल्या, काही नाही, दाताला काहीतरी लागलंय.

साडेअकराला तपासणीच्या मॅडम आल्या. तिशीच्या, चष्मा, खांद्याला पिशवी, पिशवीत मातीसाठी काचेच्या बरण्या. त्यांच्यामागोमाग धाकटे मालक. पन्नाशी उलटली तरी ते धाकटेच राहिले होते. माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त पित्त होतं आणि जागा विकायची घाई होती.

"मावशी, आज झालं म्हणजे सुटलो," ते गोळी चघळत म्हणाले.

"तुम्ही सुटाल," मापबाई म्हणाल्या. "मी काय करू उद्या सकाळी सहाला?"

"झोपा की!"

"झोपेचं काय घेऊन बसलात," असं म्हणून त्या पुन्हा निघाल्या आणि दोरीवरचं सरळच असलेलं एक फडकं सरळ करून आल्या.

डिझेलच्या टाकीतला गाळ कालच पिंपांमध्ये भरून झाला होता. नळ्या कापून तोंडं बंद केली होती. सुका बर्फ सकाळीच टाकलेला, धूर आता विरळ झाला होता. मुकादमानं चिमणीची नळी आत सोडली. तळाला. मध्ये. वर. चिमणी गप्प.

"सगळे दोरीच्या बाहेर!" तो ओरडला. "मालक, तुम्हीपण. लटकत्या वजनाखाली मालक-नोकर सगळे सारखेच चपटे होतात."

क्रेनच्या दोरानं ताण घेतला. टाकी जागची हलेना. माती सोडतच नव्हती. मग खालून चिखलातून पाय उपसल्यासारखा आवाज आला, आणि टाकी वर आली. मोठी, काळी, चिखलानं माखलेली. जमिनीच्या रेघेपर्यंत आली, वर गेली, हवेत थांबली.

एका टोकाकडून थेंब पडला. मग दुसरा. चिखलाचं पाणी सगळीकडून गळून थांबलं होतं, पण तिथून थेंब पडत राहिला, एकाच जागेवरून, सावकाश.

आणि वास आला. खड्ड्यातून वर आलेला, ओला, जड वास. माती त्या टोकाला काळी होती आणि तो काळेपणा मागच्या भिंतीकडे, वन्संच्या अंगणाकडे पसरत गेला होता.

वन्सं पाडलेल्या भिंतीपाशी उभ्या होत्या. त्या चादरीलासुद्धा काही म्हणाल्या नाहीत.

टाकी ओंडक्यांवर टेकवली, पाचरी मारल्या. मुकादम चिखलात आडवा झाला, बॅटरी घेऊन खाली सरकला, फडक्यानं पुसलं. बराच वेळ बाहेर आला नाही. आला तेव्हा त्यानं आधी वर बघितलं, टाकीच्या पाठीवरच्या माप घ्यायच्या नळीकडे. मग खाली. मग पुन्हा वर. मापबाईंनी त्याला बघताना बघितलं.

"गंज," तो म्हणाला.

"बाकी पत्रा तर चांगला दिसतोय," मॅडम म्हणाल्या.

"गंजाचं काय सांगता येतं मॅडम. धरतो एकाच जागी कधीकधी."

"मला बघू द्या," मापबाई म्हणाल्या.

"कशाला चिखलात लोळताय बाई, काय आहे बघण्यासारखं..."

तोवर त्या गुडघ्यांवर बसल्यासुद्धा. शिरस्त्राण घरंगळत गेलं. सत्तावन्न वर्षांची बाई ओंडक्याला धरून टाकीखाली वाकली. भोक होतं. मुगाच्या दाण्याएवढं, नीट गोल. त्यांनी करंगळी लावली. गंजलेला पत्रा हाताला कसा लागतो हे त्यांना ठाऊक होतं, खरखरीत, पापुद्रे सुटणारा. हा पत्रा कागदाइतका पातळ होता आणि काठाशी गुळगुळीत. झिजलेल्या नाण्यासारखा.

"वरून नळीत बॅटरी मारा," त्या खालून म्हणाल्या.

मुकादम हलला नाही.

"मारा हो. माझे गुडघे किती वेळ धरतील?"

तो शिडी चढला. बॅटरी नळीच्या तोंडाशी धरली. मापबाईंनी तळहात पसरला. नळीतून उजेड सरळ खाली उतरला, त्या गोल भोकातून बाहेर आला आणि त्यांच्या तळहातावर एक ठिपका पडला. थोडाही इकडे नाही, तिकडे नाही. बरोबर मधोमध.

त्या बाहेर आल्या तेव्हा सगळे दुसरीकडे बघत होते. मालक मोबाइल नसलेल्या खिशात मोबाइल शोधत होते. मुकादम शिडीच्या पायऱ्या मोजत असल्यासारखा उतरत होता.

मापबाई एका विटांच्या ढिगावर बसल्या. पहिल्यांदाच, तीन दिवसांत, बसून राहिल्या. मनात हिशेब आपोआप होत होता. दिवसातून दोनदा. वर्षाला सातशे तीस. एकतीस वर्षं. बावीस हजारांच्या वर. ठक. ठक. ठक. गल्ली त्या आवाजावर उठायची. वन्संसुद्धा मुलांना हाका मारायच्या, 'उठा रे, वहिनीचं ठक झालं.'

मॅडमनी खड्ड्याच्या दोन्ही टोकांची माती बरण्यांत भरली, झाकणं लावली, चिठ्ठ्या चिकटवल्या. मालकांनी पिशवीतून एक टाइप केलेला कागद काढला. तो आधीच तयार होता.

"हे बघा मॅडम," ते म्हणाले, "टाकी हलेना म्हणून क्रेननं जोर लावला. त्यात पत्र्याला इजा झाली असणार. माती थोडी खराब आहे, मान्य आहे. टँकर रिकामा करताना सांडतं थोडं, वर्षानुवर्षांचं. शिवाय पलीकडे ट्रकचं गॅरेज आहे, त्यांचंही असेल. कुंपणापर्यंतची माती काढून देतो मी. मावशींनी शेवटच्या दिवसापर्यंत माप घेतलंय. मापात कधी फरक नव्हता, एवढी त्यांची सही झाली की..."

"बाई, असं आहे," मॅडम मापबाईंजवळ येऊन म्हणाल्या. "भोक आज पडलं असेल तर कुंपणापर्यंतच खणायचं. गळती जुनी असेल तर मला वास जाईल तिथपर्यंत माती काढायला लावता येते. त्या घराचं अंगण, तो हातपंप, सगळं. घराला दुसरं पाणीही द्यावं लागतं यांना. पण जुनी आहे म्हणायला मला काहीतरी आधार हवा. नुसत्या मातीवरून गॅरेजवाल्याचं की तुमचं, हे ठरत नाही. तुमचं माप कधी कमी आलं होतं का? रात्रीपेक्षा सकाळी?"

काठीवर दोन रेघांमधलं अंतर नखाच्या कडेएवढं. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी डिझेल अर्धी रेघ कमी आलं. दुसऱ्या कुणाला दिसलंही नसतं. मापबाईंना दिसलं. त्यांनी काठी पुसली, पुन्हा टाकली. अर्धी रेघ. उडालं असेल, त्या स्वतःशी म्हणाल्या, आणि पाटीवर रात्रीचाच आकडा लिहिला. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशीही. पेट्रोल उडतं. डिझेल असं उडत नाही. हे त्यांना कामाच्या पहिल्या वर्षापासून माहीत होतं.

"मावशींना काय विचारता," मालक म्हणाले. "आमच्या वडिलांच्या वेळेपासून यांचं माप म्हणजे माप."

"गंजच आहे तो मॅडम," मुकादम घाईनं म्हणाला. "कशामुळे गंजला, कधी गंजला, त्याचं काय आता? माती काढू आम्ही कुंपणापर्यंत चांगली खोल. बाईंना कशाला त्रास." बोलताना त्यानं दोन्ही डोळे बारीक केले होते.

तेवढ्यात पाडलेल्या भिंतीतून कुणीतरी आलं. वन्सं होत्या. विटांवरून जपून पाय टाकत, एका हातानं गुडघा धरत. दुसऱ्या हातात पाण्यानं भरलेला पेला. दोन वर्षांत त्या पहिल्यांदाच या बाजूला आल्या होत्या. मापबाईंच्या समोर त्या थांबल्या, पण बघितलं पेल्याकडेच.

"पी म्हणावं," त्या पेल्याला म्हणाल्या. "चेहरा बघा कसा झालाय. नळाचं आहे."

मापबाईंनी पेला घेतला. थोडं पाणी पदरावर सांडलं.

वन्संनी मग वळून टाकीकडे बघितलं. थेंब पडत होता तिकडे, मग त्याच्या बरोबर वरच्या नळीकडे. त्यांना कुणी काही सांगितलेलं नव्हतं. पण तो ठक त्यांनी भिंतीपलीकडून एकतीस वर्षं ऐकलेला होता. त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. रागावलेलं माणूस अचानक कुणाच्या तरी घरी वाईट बातमी घेऊन आल्यासारखं दिसायला लागलं.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "लिहून टाका काय लिहायचंय ते. लोखंड आहे, गंजणारच. माझं काय, नळ आहे गल्लीत. दोन बादल्या आणायला काही मरत नाही मी." मग जरा थांबून, "आमच्या वहिनींचं माप चुकत नाही."

क्रेनवाल्यानं इंजिन बंद केलं. टाकीच्या पोटातून थेंब पडला, प्लास्टिकवर त्याचा आवाज झाला.

मालकांनी कागद पुढं केला, वर पेन ठेवलं. "इथं, मावशी."

मापबाईंनी कागद वाचला. पूर्ण वाचला. त्या प्रत्येक गोष्ट पूर्ण वाचत असत. मग त्यांनी तो नीट घडी घालून मालकांच्या हातात परत दिला, पेनही दिलं, पेनाचं टोपणही लावून दिलं.

"गंज नाही, मॅडम," त्या म्हणाल्या. "क्रेननंही झालेलं नाही. ती माझी काठी आहे. एकतीस वर्षं, दिवसातून दोनदा, त्याच जागी."

"बाई..." मुकादम म्हणाला.

"तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं. बोलला नाहीत, बरं वाटलं मला. पण लिहा, मॅडम. तीन वर्षं झाली, रोज अर्धी रेघ कमी यायची. मी पाटीवर रात्रीचंच लिहायची. लिहा, मी सही करते त्याच्याखाली."

मॅडमनी वही उघडली. मालक गोळीसाठी खिसे चाचपत होते, पण गोळ्या संपल्या होत्या.

मापबाई उठल्या. पेला अजून भरलेलाच होता. त्या वळल्या, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा वन्संकडे, सरळ त्यांच्या डोळ्यांत बघून बोलल्या.

"वन्सं, त्या दिवशी सगळ्यांसमोर प्यायले ना मी तुमच्याकडचं पाणी," त्या म्हणाल्या. "मलाही आला होता वास."